सातवीण आणि सहा टेकड्या

परवा सकाळी लक्ष्मीबाई नगरातून सरोजिनी नगरच्या मेट्रोकडे चालत निघालो होतो. वळणावर नाकाला तो वास लागला आणि मी फुटपाथच्या मधोमध उभा राहिलो. मागून पिशव्या घेऊन येणारी बाई वैतागून म्हणाली, "भैया, या तो चलो या हटो." मी हटलो. वर बघायची गरज नव्हती. सातवीण फुलली होती.

दिल्लीत ऑक्टोबर असाच येतो, आधी वासाने. सात-सात पानांच्या झुपक्यांमधून हिरवट पांढरे गुच्छ निघतात, आणि संध्याकाळ झाली की रस्तेच्या रस्ते त्या वासाने भरून जातात. वास गोडच असतो, पण दुसऱ्या श्वासाला डोकं जड करणारा. काही दिवसांनी त्यात फटाके मिसळतात, मग धूर, मग ते राखाडी आभाळ. सुनंदा, माझी बायको, या दिवसांत खिडक्या लावून घेते. मी उघडतो. ती पुन्हा लावते. आमची मुलगी मिता विचारते, "बाबा, तुम्ही कशाला एवढे बेचैन होता? एक झाडच तर आहे."

"सातवीण आहे ती."

"म्हणजे?"

"सप्तपर्णी."

"अच्छा, सप्तपर्णी! मग तसं बोला ना यार."

मी तसं बोलत नाही. खरं म्हणजे मी फारसं बोलतच नाही. 'मेश्राम सर शांत माणूस' असं लोक म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात. सात वर्षं मी ते कौतुक अंगावर वागवतोय. या वर्षी सातवीण फुलली आणि ते मला एकदम नकोसं झालं.

फरीदाबादच्या एका संशोधन संस्थेत मी तांत्रिक अधिकारी आहे. माणसाच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना जगवायचं, वाढवायचं, आणि त्यासाठी लागणारी सगळी द्रवं तयार ठेवायची, हे माझं काम. संशोधन दुसरे करतात. त्यांच्या शोधनिबंधात शेवटच्या ओळीत कधी कधी माझे आभार असतात.

टी पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पंचवीस वर्षं मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बघतोय, मला त्या पहारेकऱ्यासारख्या कधी दिसल्या नाहीत. लहान, गोल, पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारख्या. त्यांना उठवायला तीन गोष्टी लागतात. पहिली ओळख: कुणीतरी शत्रूचा तुकडा त्यांच्या पुढ्यात धरावा लागतो. दुसरी गोष्ट खांद्यावर हात ठेवल्यासारखी, त्याच क्षणी, की हो, खरंच आहे, ऊठ. नुसती ओळख पटली आणि तो हात पडलाच नाही, तर पेशी उठत नाही ती नाहीच, वर बधिर होते. पुढच्या खेपेला कितीही हलवा, वळून बघत नाही.

आणि तिसरा, पाण्यात विरघळलेला निरोप. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. पुष्कळ तऱ्हेचे असतात ते. कुणी सांगतं वाढा, कुणी सांगतं पुरे, कुणी पेशीला तिचा धंदाच ठरवून देतं. त्यातला एक इंटरल्यूकिन-टू, आम्ही नुसतं आयएल-टू म्हणतो. जागी झालेली टी पेशी हा निरोप स्वतःच सोडते, आणि तो नीट ऐकू यावा म्हणून त्याच वेळी स्वतःच्या अंगावर नवे कान उगवते. मग एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. निरोप आटला की वाढ थांबते. कितीतरी पेशी तिथेच मरून जातात.

हे सगळं मला प्रज्ञाने असं सांगायला शिकवलं. तोवर मी फक्त नळ्या आणि अंश मोजत होतो.

प्रज्ञा अंबाजोगाईची. आमच्याकडे पीएचडी करायला आली तेव्हा चोवीस वर्षांची होती, बारीक, भराभर चालणारी, जिने दोन-दोन पायऱ्या घेत चढणारी. पहिल्याच आठवड्यात जिन्यात तिने मला गाठलं.

"जय भीम, काका. दारावर आडनाव वाचलं तुमचं. भंडारा का गोंदिया?"

मी आधी मागे वळून बघितलं, कुणी येतंय का. मग म्हणालो, "भंडारा. हे बघ, इथे मेश्राम सर म्हणायचं."

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि हसली. "बरं. लॅबमध्ये सर. जिन्यात काका."

तो करार तिने, एक-दोनदा सोडून, शेवटपर्यंत पाळला. रोज जिन्यात ती म्हणायची "जय भीम काका", आणि रोज मी म्हणायचो "हं, हं." तेवढंच. आज ते "हं, हं" आठवलं की हातातलं काम टाकून मी येरझाऱ्या घालायला लागतो.

तिला शोधायचं होतं ते असं: टी पेशीला अगदी हलकंच जागं केलं, पहिले दोन इशारे पुरेसे नसतील इतपतच दिले, आणि वर आयएल-टूचा थेंब थोडा थोडा वाढवत नेला, तर पेशी किती वेळा दुभागते? निरोप एकटा किती ओझं उचलू शकतो? त्यासाठी निरोगी माणसाचं रक्त लागायचं. संस्थेच्या रीतीप्रमाणे स्वेच्छेने देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतंच. त्या उन्हाळ्यात, फरीदाबादचे रस्ते वितळत असताना, मी बाही वर करून बसायचो आणि ती माझ्याशी नव्हे, सुईशी बोलावं तशी पुटपुटायची, "चला, काकांच्या झोपाळू पोरींनो, बाहेर या."

पेशींना आम्ही एक चमकणारा रंग पाजतो. पेशी दुभागली की तो रंगही अर्धा-अर्धा वाटला जातो. चार दिवसांनी यंत्रातून एकेक पेशी सोडली की पडद्यावर उजवीकडे सगळ्यात उजळ, न दुभागलेल्यांचा उंचवटा दिसतो. त्याच्या डावीकडे अर्ध्या उजेडाचा, त्याच्याही डावीकडे पाव उजेडाचा. शास्त्रात त्यांना पिढ्या म्हणतात. जूनमधल्या त्या दुपारी पडद्यावर एकामागे एक उंचवटे उभे राहत गेले. प्रज्ञा खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली.

"काका!" ती लॅबमध्येच ओरडली, करार मोडून. "अहो, बघा तर! आमचा बालाघाटचा डोंगर आला! मोजा, सहा टेकड्या आहेत!"

मी मोजल्या. सहाच होत्या. त्या माझ्या रक्तातून निघालेल्या टेकड्या होत्या, आणि मला आयुष्यात स्वतःचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता. तिने लॅबमध्ये सगळ्यांना पेढे म्हणून शेवटी सामोसेच वाटले, कारण खालच्या दुकानात पेढे संपले होते. आमचे प्रमुख आले, पडदा बघितला, म्हणाले, "बहुत बढ़िया. अब दो बार और करके दिखाओ, फिर मानेंगे." यात वाईट काही नव्हतं. विज्ञानात एकदा झालं म्हणजे झालं असं नसतं. मधे तिच्या परीक्षा आल्या, यंत्र बिघडलं, आणि पुन्हा करायचं ते दिवाळीनंतरवर गेलं.

आता मला त्या सफाईपाशी यायलाच हवं. इतका वेळ मी तिच्या आजूबाजूनेच फिरतोय.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे, घरांसारखीच, लॅबचीही सफाई निघते. जुन्या फायली, मोडक्या खुर्च्या, आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये वर्षभर साचलेलं बर्फ. ते बर्फ खरवडणं माझं काम. मला ते आवडायचंही. नळ्यांचे खोके बाहेर काढून थर्मोकोलच्या डब्यांत बर्फात ठेवायचे, फ्रीजर पुसायचा, तासाभरात सगळं परत जागेवर. नळ्यांबाबतचा नियम मीच घालून दिलेला होता आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी घोकून घ्यायला लावत होतो: आयएल-टूची नळी एकदा वितळली की टोपणावर काळा ठिपका. ठिपकेवाली नळी पुन्हा गोठवायची नाही, वापरायचीही नाही. फेकायची. कारण गोठणं-वितळणं, उबेत पडून राहणं, यांत तो निरोप मोडतो. आणि मोडलेला निरोप दिसायला तसाच असतो. पाण्यासारखा स्वच्छ.

त्या दिवशी चारच्या सुमाराला फोन वाजला. सुनंदा. मिताला सकाळपासून ताप होता, आता अंगावर पुरळ दिसत होतं, डॉक्टरांनी डेंग्यू म्हटलं होतं, लगेच ये. मिता तेव्हा दहा वर्षांची. मी हातातले खोके भराभर आत ठेवले, फ्रीजरला कुलूप लावलं आणि धावलो. मेट्रोत लाजपत नगरला गाडी बदलताना दोन्ही हात जिन्याच्या कठड्यावर दाबून धरले होते, एवढंच आठवतं. आमच्या तेव्हाच्या जुन्या क्वार्टरच्या अंगणात सातवीण होती, बुंध्याशी फुलांचा सडा पडला होता, आणि तो वास घरभर होता. मिता म्हणत होती, "बाबा, हाडं दुखतात." शेजारच्या सरदारनी आंटी पपईच्या पानांचा रस घेऊन दारात उभ्या. "बेटा, कड़वा है, नाक बंद करके पी जा." कुणीतरी बकरीचं दूध पाठवलं होतं. मी तिच्या उशाशी बसून होतो आणि मला कळत होतं की तिची हाडं विषाणू एकटा मोडत नव्हता. तिच्याच अंगातले निरोप एकदम सगळे ओरडत सुटले होते. कमी पडले तर पेशी उठत नाहीत, फार झाले तर अंग पेटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी लॅबमध्ये गेलो, कारण फ्रीजरची किल्ली माझ्या खिशात राहिली होती. सिंकच्या बाजूला, फडक्याच्या आड, एक थर्मोकोलचा डबा होता.

झाकण उघडलं. बर्फाचं पाणी झालं होतं, आणि त्या कोमट पाण्यात प्रज्ञाच्या आयएल-टूच्या चोवीस नळ्या आडव्या-तिडव्या तरंगत होत्या.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी नळ्या पुसल्या. चोवीसच्या चोवीस. मार्कर खिशातच होता. तो मी काढला, त्याचं टोपण उघडलं, आणि परत लावलं. ठिपके दिले नाहीत. नळ्या खोक्यात रचल्या, खोकं फ्रीजरमध्ये जागेवर ठेवलं, आणि मितापाशी परत गेलो.

त्या वेळी मनात काय होतं हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की उत्तरावर आता विश्वास बसत नाही. मुलगी आजारी होती, हे खरं. डोकं ठिकाणावर नव्हतं, हेही. पण टोपण उघडून परत लावायला डोकं ठिकाणावर असावं लागतं. मला एकच दिसत होतं: प्रमुखांचा चेहरा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून पेशी वाढवायची एक डबी दूषित झाली होती, छोटीशी गोष्ट, तेव्हा ते सगळ्यांसमोर हसत म्हणाले होते, "चलो, कोई बात नहीं मेश्राम, आप लोगों से इतनी ही उम्मीद थी." आप लोग. दोनच शब्द, पण पुढे कधी ते ऐकू यायला नकोत म्हणून मी एकही चूक न करता जगायचं ठरवलं होतं. वेळेआधी यायचं, शेवटी जायचं, जिन्यातल्या जय भीमला हं म्हणायचं. आता ही चूक सांगितली असती तर ते दोन शब्द पुन्हा आले असते.

ते आलेच. फक्त तिच्या वाट्याला गेले.

दिवाळी झाली. मिता बरी झाली. हवेत धूर बसला, डोळे चुरचुरायला लागले, आणि प्रज्ञाने प्रयोग पुन्हा मांडला. तेच रक्त, माझंच. तोच रंग. चार दिवसांनी पडद्यावर उजवीकडे एक मोठा उंचवटा, त्याच्याशेजारी एक खुरटा, आणि पुढे सपाट माळ. तिला वाटलं हात चुकला. पुन्हा केला. पुन्हा माळ. ती जेवायला येईनाशी झाली. एका दुपारी खिडकीपाशी उभी राहून, बाहेरच्या पिवळट धुराकडे बघत, तिने विचारलं,

"काका, आपला आयएल-टूचा साठा ठीक आहे ना?"

लॅबमध्ये होतो, तरी काका म्हणाली.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"नक्की ना? वितळला-बितळला तर नाही कधी?"

"टोपणं बघ ना. ठिपका आहे का कुठे?"

"नाही." तिने मान हलवली. "तुमच्या हातचं आहे म्हणजे ठीकच असणार. माझंच काहीतरी चुकतंय."

कोमट पाण्यातल्या नळ्या ही चूक होती. चूक माणसाकडून होते. पण ही त्या खिडकीपाशी बोललेली दोन-तीन वाक्यं चूक नव्हती. आणि त्यानंतरची मुकाट राहिलेली सात वर्षं तर नव्हतीच.

एक विशिष्ट टी पेशी असते, शांतता राखणारी. तिचं काम बाकीच्यांना आवरणं. ती ते कसं करते हेही प्रज्ञानेच मला समजावलं होतं, त्या उन्हाळ्यात, सामोसा खाता खाता. "काका, गंमत बघा हिची. ही स्वतः आयएल-टू बनवत नाही. पण हिच्या अंगावर कान सगळ्यात जास्त. आजूबाजूला जेवढा निरोप असेल तेवढा ही पिऊन टाकते. मग दुसऱ्यांना मिळतच नाही, आणि सगळं कसं शांत, शांत!" मी हसलो होतो. शरीराला अशी पेशी लागते, नाहीतर आपलंच रक्त आपल्यावर उठेल. पण माणूस तसा झाला तर? मी स्वतः एक शब्द बनवला नाही. तिच्यापर्यंत पोचायला हवा होता तो सगळा मी पिऊन टाकला. आणि लॅब शांत राहिली.

जानेवारीत प्रमुखांनी तिला खोलीत बोलावलं. मीही होतो, साठ्याची वही घेऊन. वहीत सगळं नीट होतं. ते ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत. म्हणाले, "देखो, प्रज्ञा, दो बार नहीं आया. स्टॉक ठीक है, मेश्राम ने देखा है. तो सवाल ये है कि जून में जो आया था, वो कहाँ से आया?"

ती म्हणाली, "सर, मतलब?"

"मतलब तुम समझती हो. जल्दी में लोग कर देते हैं. आप लोगों पर प्रेशर भी रहता है, मैं समझता हूँ."

तिने माझ्याकडे बघितलं. मदतीसाठी असेलही, किंवा ते दोन शब्द मीही ऐकले का, हे पडताळायला असेल. मी वहीचं पान उलटलं.

फेब्रुवारीत ती गेली. तिच्यावर कागदोपत्री काहीच ठेवलं नव्हतं, फक्त प्रकल्प बंद झाला आणि जूनच्या निकालावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह राहिलं. जाताना जिन्यात भेटली. हातात एक कुंडी होती, तिने खिडकीत लावलेल्या तुळशीची. म्हणाली, "ही ठेवा काका. लॅबमधल्या एसीत मरेल." त्या दिवशी जय भीम म्हणाली नाही. मीही नाही.

तुळस पुढच्या उन्हाळ्यात वाळली. मी तिला पाणी घालत होतो, तरी.

मधे महामारी आली. सायटोकाइन हा शब्द सरोजिनी नगरच्या कपड्यांच्या गाड्यांपर्यंत पोचला; लोक मला थांबवून विचारायचे, "मेश्राम जी, ये तूफ़ान क्या होता है जो बॉडी में उठता है?" मी समजावून सांगायचो, चांगलं सांगायचो. प्रत्येक वेळी तिची वाक्यं वापरायचो. आमचं जुनं क्वार्टर पाडलं गेलं, अंगणातली ती सातवीणही गेली, आम्ही उंच इमारतीत आलो. मला वाटलं आता ऑक्टोबर जरा सौम्य जाईल. पण रस्त्यांवर झाडं आहेतच.

या वर्षी मिता सतरा वर्षांची झाली. बारावीचं जीवशास्त्र. गेल्या महिन्यात ती प्रॅक्टिकलची वही लिहीत होती, आणि तिचा निकाल पुस्तकापेक्षा वेगळा आला होता. मी सहज म्हणालो, "पुन्हा करून बघ." तिने मान वर केली. "का? मी नीट केलंय. माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" इतकंच. मी उठून गॅलरीत गेलो. खाली सातविणीला कळ्या धरल्या होत्या.

मग मी जे केलं ते करायला सात वर्षं लागायला नको होती. संस्थेत आयएल-टूचा नवा साठा आला होता, आणि नव्या साठ्याची ताकद तपासणं माझ्याच कामात येतं. मी प्रज्ञाची जुनी वही काढली. तिचं अक्षर बारीक, डावीकडे कललेलं. तिच्याच मापांनी, तिच्याच हलक्या इशाऱ्याने, थेंबाथेंबाने. रक्त माझंच दिलं. ते चार दिवस मी कुठेच बसू शकत नव्हतो. मेट्रोतही उभाच, जागा असली तरी. पाचव्या दिवशी यंत्राचा पडदा उजळला आणि मी बोट ठेवून मोजत गेलो. एक. दोन. तीन. चार. पाच. आणि अगदी डावीकडे, पुसटशी, पहाटेच्या धुक्यात असावी तशी, सहावी.

जुन्या नळ्यांपैकी दोन खोक्याच्या तळाशी अजून होत्या. त्यांतली एक शेजारी लावली होती. तिथे माळ. पण त्या माळाने आता काही सिद्ध होत नाही. इतक्या वर्षांत ती नळी तशीही मेली असती. तिचा जून खरा होता, एवढं या टेकड्या सांगतात. तिचा नोव्हेंबर का फसला, हे सांगणारं जगात एकच उरलं होतं. माझं तोंड.

नंबर मिळवायला दोन दिवस लागले. ती लातूरला एका महाविद्यालयात शिकवते. रविवारी सकाळी, सुनंदाला शेजारी बसवून, फोन लावला. सुनंदाला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "म्हणजे मिताच्या तापाच्या आड लपलात तुम्ही, इतकी वर्षं." मला वाटतं त्याहून नेमकं कुणी बोलणार नाही.

"हॅलो?"

"जय भीम, प्रज्ञा. मी मेश्राम. काका."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"जय भीम," ती म्हणाली. "बोला."

मी बोललो. अडखळत, पण थांबलो नाही. सफाई, फोन, डबा, ठिपके, खिडकी. तिने मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर तिने विचारलं,

"किती तास बाहेर होत्या नळ्या?"

"सतरा."

"बर्फ होतं?"

"पाणी झालं होतं. कोमट."

"हं." मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही मला ठिपके बघायला सांगितलं."

"हो."

मी सुनंदाकडे बघितलं. ती फोनकडे बघत होती. मग मी म्हणालो, "गेल्या आठवड्यात मी तुझा जूनचा प्रयोग पुन्हा केला. तुझ्या वहीवरून, नव्या साठ्यावर. माझंच रक्त."

"आणि?"

"पाच ठसठशीत. सहावी जरा पुसट."

पलीकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कसला, मला आजही सांगता येणार नाही.

"वय झालं तुमचं, काका," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, माझ्याशी नसावं तसं: "म्हणजे टेकड्या होत्या. मला वाटायला लागलं होतं मीच काहीतरी केलं असेल. न कळत. रात्रंदिवस आठवायचे, मी जूनमध्ये काय केलं, काय केलं. सात वर्षं मी पोरांना शिकवते आणि मनात हेच, की मी एकदा खोटं केलंय आणि मला आठवत नाहीये."

मी म्हणालो, "मला माफ..."

"नको," तिने तिथेच थांबवलं. "ते नका मागू. ते मी बघेन माझं, जमलं तर. तुम्ही मला फोनवर सांगून मोकळे होऊ नका. जिथे ते प्रश्नचिन्ह आहे ना, तिथे लिहून द्या. सहीनिशी."

फोन बंद झाला.

सोमवारी मी लिहून घेऊन गेलो. हिंदीत नाही, इंग्रजीतही नाही, आधी मराठीत लिहिलं, कारण मला खोटं न बोलता लिहिता येईल अशी तीच एक भाषा आहे. मग खाली भाषांतर जोडलं. प्रमुखांनी चष्मा लावून वाचलं. दोन पानं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला, हे मला दिसलं, आणि त्याचा मला आनंद झाला नाही.

"मेश्राम, रिटायरमेंट को दो साल हैं तुम्हारे," ते म्हणाले. "अब इसका मैं क्या करूँ?"

"फ़ाइल में लगाइए, सर. उसकी फ़ाइल में, जून वाले पन्ने पर. और मेरी में भी."

"इन्क्वायरी होगी."

"होनी चाहिए, सर." आणि मग मी तेही म्हणालो जे म्हणायला मला पंचवीस वर्षं लागली. "और सर, आप लोग वाली बात भी लिखी है. दूसरे पन्ने पर."

त्यांनी दुसरं पान पुन्हा उघडलं. कागद ठेवून घेतला. पुढे काय होईल मला माहीत नाही. एक प्रत मी लातूरला पाठवली आहे, तिच्याकडून काही आलेलं नाही, यावं अशी अपेक्षा धरायचा मला हक्कही नाही.

खाली आलो. उणे ऐंशीचा फ्रीजर उघडला. या वर्षीची सफाई अजून व्हायची होती, कडांना बर्फ साचलं होतं. खोक्याच्या तळातली ती शेवटची नळी काढली. तिच्यावर लगेच दव धरलं, ते अंगठ्याने पुसलं; ओल्या टोपणावर मार्कर उठत नाही. पुसलं की पुन्हा धरायचं. तिसऱ्यांदा पुसलं आणि दव धरायच्या आत टोपणावर काळा ठिपका दिला. मग नळीच्या अंगावर, जेवढं मावेल तेवढं लिहिलं: सतरा तास बाहेर. मेश्राम.